खुंटा हलवून पाहायचा कुणी?

गाड्या फुटपाथवर चढू नयेत म्हणून कडेला लावतात त्या बुटक्या खांबांपैकी आमच्या चौकातला तिसरा खांब गेल्या पावसाळ्याआधी पडला. भाजीचा छोटा टेम्पो मागे येत होता, वेग माणसाच्या चालीएवढा. ड्रायव्हरला धक्काही जाणवला नसावा, कारण तो टेम्पो वळवून निघून गेला. खांब आडवा झाला आणि घरंगळत गटाराच्या झाकणाशी जाऊन थांबला. मुळासकट उपटला असं म्हणायची सोय नव्हती, कारण त्याला मूळच नव्हतं. खाली एक चौकोनी पट्टी, चार कोपऱ्यांना चार बोल्ट, प्रत्येक बोल्ट माझ्या करंगळीएवढा, आणि त्यांना चिकटून आलेले पेव्हर ब्लॉकचे दोन तुकडे. मी खांब उचलून पाहिला. एका हाताने उचलला. आतून पोकळ, टिचकी मारली तर तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा वाजला.

तीन दिवसांनी दोन लेबर आले. त्याच भोकांत त्यांनी सिमेंटचा पातळ घोळ ओतला, त्याच बोल्टांवर खांब पुन्हा उभा केला, फडक्याने पुसला, मोबाइलवर फोटो काढला आणि गेले. आज तो खांब चकाकत उभा आहे. शाळा सुटली की मुलं त्याच्या आडोशाला रिक्षाची वाट बघत थांबतात. आईबापांना वाटतं, बरं झालं, खांब तरी आहेत.

या ‘तरी’शीच माझं भांडण आहे. नीट न रोवलेला खांब हा नसलेल्या खांबापेक्षा वाईट. नसलेला खांब निदान फुटपाथची जागा खात नाही, कुणाच्या व्हीलचेअरच्या आड येत नाही आणि कुणाला खोटा धीर देत नाही. शिवाय गाडीची धडक बसली तर असा खांब गाडी अडवत नाहीच, स्वतः मात्र पाच-सात किलोच्या गदेसारखा मागच्या माणसांवर भिरकावला जातो.

अशा खांबाला बोलार्ड म्हणतात, आणि हा शब्द मूळचा बंदरावरचा. धक्क्याला लागलेल्या जहाजाचा दोर ज्याला गुंडाळतात, तो बुटका, जाडजूड लोखंडी खुंट म्हणजे बोलार्ड. मुंबईच्या कुठल्याही धक्क्यावर जाऊन पाहा. भरती-ओहोटीत जहाज ओढ घेत असतं आणि तो खुंट तसूभर हलत नाही, कारण तो धक्क्याच्या बांधकामातच बसवलेला असतो. हा खुंट रस्त्यावर आला तेव्हा नाव आलं, आकार आला, वर स्टेनलेस स्टीलची झिलईही आली. मुळं मात्र बंदरातच राहिली.

आणि हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नव्हती. आमच्या जुन्या वाड्याच्या कोपऱ्यावर एक काळा दगड पुरलेला होता. वर जेमतेम गुडघ्याएवढा दिसायचा. वळणावर बैलगाडीचा आस भिंतीला घासू नये, म्हणून आजोबांच्याही आधी कुणीतरी तो रोवला होता. त्याच्या एका अंगाला चाकाच्या लोखंडी धावांनी घासून गुळगुळीत खोबण पडली होती. गल्ली रुंद झाली तेव्हा जेसीबीवाल्याला वाटलं, एका फटक्यात निघेल. अर्धा तास गेला. बाहेर आला तेव्हा कळलं की वर दिसत होता तो तिसरा हिस्सा. उरलेले दोन जमिनीत होते. गुरं बांधायला खुंटा रोवणारा शेतकरीसुद्धा तो ठोकून झाल्यावर दोन्ही हातांनी गदागदा हलवतो, हलला तर भोवती दगड ठोसतो आणि मगच दावं बांधतो. खुंटा हलवून बळकट करणं ही म्हण तिथूनच आली. लाखांच्या निविदा काढणाऱ्यांच्या कामात नेमकी हीच एक पायरी गळते.

खांबावर खरोखर किती जोर येतो, त्याचा हिशेब शाळेतल्या विज्ञानाने मांडता येतो. दीड टनाची मोटार ताशी 50 किलोमीटर वेगाने येत असेल तर तिच्यातली ऊर्जा सुमारे 145 किलोज्यूल असते. हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर तीच मोटार तिसऱ्या मजल्यावरून, म्हणजे साधारण 10 मीटरवरून खाली सोडल्याची कल्पना करा. वेग 30 वर आणला तर ऊर्जा 52 किलोज्यूलवर येते, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: वेग दुप्पट, तर ऊर्जा चौपट. आता 50 च्या वेगातली ती मोटार खांबाला आदळून, बॉनेट चेपत चेपत, अर्ध्या मीटरच्या आत थांबवायची असेल तर खांबावरचा सरासरी जोर जवळपास 30 टन वजनाएवढा होतो. तो जोर बसतो जमिनीपासून दीड फुटावर, बंपरच्या उंचीला. खांब तिथे तरफ होतो आणि सगळा ताण तळाशी जातो. तळाशी आहेत आपले चार करंगळीएवढे बोल्ट, तेही वाळूच्या थरावर नुसत्या मांडलेल्या पेव्हर ब्लॉकमध्ये.

पेव्हर ब्लॉक ही फरशी आहे, पाया नव्हे. 60 किंवा 80 मिलिमीटर जाडीचा तो ठोकळा कुणीही पहारीच्या टोकाने उचकटून काढतो. त्यात अँकर बोल्ट मारणं म्हणजे अंथरूणाला खिळा ठोकण्यासारखं आहे.

मग नीट रोवायचा म्हणजे कसा? दुकानाच्या, शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या दारात कमी वेगाची गाडी अडवण्यासाठी जगभर रूढ झालेला प्रकार काही गूढ नाही. सहा इंची, जाड भिंतीचा पोलादी पाइप. जमिनीवर सुमारे 900 मिलिमीटर आणि जमिनीखाली निदान तेवढाच, शक्यतो 1,200 पर्यंत. खड्डा पाइपाच्या तिप्पट रुंद. पाइपाचं बूड मातीला टेकू द्यायचं नाही, खालीही काँक्रीट हवं. नाहीतर तळातून ओल चढते. पाइपाच्या आतही काँक्रीट भरायचं, म्हणजे धडकेत तो नळीसारखा चेपत नाही. डोक्यावर काँक्रीटला घुमटासारखा गोल उतार द्यायचा, म्हणजे पाणी साचत नाही. जमिनीच्या रेषेवर पाइप सगळ्यात आधी गंजतो, म्हणून तिथे गॅल्व्हनायझिंग, म्हणजे जस्ताचा मुलामा, आणि वर रंगाचा जादा हात. एकापेक्षा जास्त खांब ओळीत असतील तर खड्डे वेगळे न ठेवता एकच सलग चर घेऊन सळईचा पिंजरा टाकला की एका खांबाला बसलेला धक्का शेजारच्या पायांनाही वाटून जातो.

यानंतरची पायरी कंत्राटदाराला सगळ्यात जड जाते: थांबणं. काँक्रीटची नेमलेली ताकद 28 दिवसांनी धरतात. पहिला आठवडा तर गोणपाट गुंडाळून पाणी मारायलाच हवं, विशेषतः आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात. मार्चअखेर बिल काढायच्या घाईत सोमवारी ओतलेला खांब बुधवारी वाहतुकीला खुला होतो. पहिल्या आठवड्यात कुणीतरी त्याला मोटारसायकल टेकवतो, कुणी साखळी बांधतो, कच्च्या काँक्रीटला आत केसाएवढी भेग जाते आणि ती कुणाला दिसत नाही.

माती हाही मुद्दा आहे. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. त्या मातीत फूटभर रोवलेला खांब दोन पावसाळ्यांत कलतो, त्याला टेम्पोची गरज लागत नाही. मुरूम लागेपर्यंत खाली जायला हवं किंवा खड्ड्यातली काळी माती काढून भोवती मुरूम ठासायला हवा. विदर्भ-मराठवाड्यात घर बांधणाऱ्या कुठल्याही गवंड्याला हे ठाऊक असतं. अंदाजपत्रक करणाऱ्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

मग होतं काय? आमच्या ओळखीचे एक फॅब्रिकेटर आहेत. पंचवीस वर्षं गेट, ग्रिल, रेलिंग आणि अलीकडे हे खांब बनवतात. पडलेला खांब त्यांना दाखवला. त्यांनी बोल्टाकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, “साहेब, टेंडरात नग लिहिलाय. खड्डा कुठं लिहिलाय?”

सगळं दुखणं या एका वाक्यात आहे. खांब नगावर मोजला जातो. मोजमाप वहीत, म्हणजे ज्याला सगळे एमबी म्हणतात तिच्यात, स्टेनलेस स्टीलचे बोलार्ड, अमुक व्यासाचे, अमुक उंचीचे, नग इतके, अशी नोंद होते. उंची म्हणजे जमिनीवरची. नग मोजायला कनिष्ठ अभियंता फुटपाथवरून एक चक्कर मारतो आणि चकाकणारी डोकी मोजतो. कंत्राटदाराला खोदकाम हा निव्वळ खर्च आहे: खोदताना पाण्याची लाइन फुटली तर दंड, महावितरणची केबल लागली तर जिवाची भीती. पट्टी ठेवून चार बोल्ट मारले तर एका दिवसात चाळीस नग उभे राहतात. खोल रोवायचे म्हटले तर पाच-सहा. दोन्हींचं बिल सारखंच निघत असेल तर माणूस काय करेल? त्याला दोष देऊन मोकळं व्हायला मी तयार नाही. आपण दिसणाऱ्या गोष्टीचे पैसे देतो, म्हणून आपल्याला दिसणारी गोष्ट मिळते. बडा घर, पोकळ वासा.

याच्याही आधीचा प्रश्न असा की खांब कशासाठी? हा प्रश्न विचारला जात नाही, म्हणून एकाच जातीचा खांब सगळीकडे लागतो. फुटपाथवर दुचाकी चढू नयेत म्हणून, चारचाकी उभ्या राहू नयेत म्हणून, गर्दीच्या दारात भरकटलेली मोटार घुसू नये म्हणून आणि कुणी मुद्दाम ट्रक घातला तर तो थांबावा म्हणून. या चार गरजा वेगवेगळ्या आहेत. पार्किंग रोखायला हलका खांबही चालेल, तिथे तो फक्त खूण आहे. भरकटलेल्या मोटारीसाठी वर सांगितला तसा खोल पाया हवा. अमेरिकेत दुकानांसमोरच्या अशा खांबांसाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ 3016 हे स्वतंत्र मानक आहे. त्यात सुमारे 2,270 किलोची गाडी ताशी 16, 32 किंवा 48 किलोमीटर वेगाने खांबावर आदळवून पाहतात. मुद्दाम घातलेल्या ट्रकसाठीचं एफ 2656 हे मानक वेगळं. त्यातल्या एका वरच्या पातळीला 6,800 किलोचा ट्रक 80 च्या वेगाने आदळवतात. ही ऊर्जा आपल्या 50 च्या वेगातल्या मोटारीच्या जवळपास 12 पट आहे. तो खांब, त्याचा पाया आणि त्याचा खर्च, सगळंच निराळं.

आणि चाचणी नुसत्या खांबाची होत नाही, पायासकट खांबाची होते. आपल्याकडे ‘क्रॅश रेटेड’, म्हणजे धडकेच्या चाचणीत टिकलेला, असा शिक्का असलेला महागडा खांब आणून तो सोयीप्रमाणे दीड फुटात बसवला की त्या प्रमाणपत्राला रद्दीचीही किंमत उरत नाही. मॉल, हॉटेल आणि आयटी पार्कवाल्यांनी हे मुद्दाम तपासावं. प्रमाणपत्रासोबत पायाचा नकाशा येतो. तो कुठल्या फाइलमध्ये आहे, ते विचारून पाहा.

नीट रोवलेला खांब काय करतो, याचं उदाहरण न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरचं आहे. 18 मे 2017 रोजी एका चालकाने मोटार फुटपाथवर घातली आणि काही गल्ल्या तशीच माणसांवरून नेली. एक तरुणी मेली, वीसहून अधिक माणसं जखमी झाली. ती मोटार शेवटी थांबली ती फुटपाथच्या कडेला रोवलेल्या पोलादी खांबांवर, एक बाजू हवेत उचललेल्या अवस्थेत. खांब जागचे हलले नाहीत. ते आधीच्या चौकातही असते तर, हा प्रश्न तिथल्या लोकांनी नंतर विचारला आणि शहराने आणखी खांब बसवले.

उलट उदाहरण न्यू ऑर्लिन्सचं. तिथल्या बर्बन स्ट्रीटवर 2017 मध्ये सरकते खांब बसवले होते. गरजेप्रमाणे रस्त्यातल्या खाचेतून सरकवायचे आणि रस्ता बंद करायचा. त्या शहरात मार्डी ग्राच्या उत्सवात रंगीत मण्यांच्या माळा उधळतात. ते मणी खाचांत अडकत गेले आणि खांब सरकेनासे झाले. ते बदलायचं काम चालू असतानाच 1 जानेवारी 2025 च्या पहाटे एकाने पिकअप ट्रक गर्दीत घातला. 14 माणसं मारली गेली. पुढे रॉयटर्सने बातमी दिली की नव्याने बसत असलेले खांबही ताशी 10 मैल एवढ्याच वेगाच्या धडकेसाठी होते. कुठली खाच कशाने तुंबणार आहे, हे बसवण्याआधी ओळखायला हवं. आपल्याकडे मणी नसतील, पण गुटख्याच्या पुड्या, निर्माल्य आणि पावसाळ्यातला गाळ आहे. सरकत्या, वर-खाली होणाऱ्या खांबांचं ज्यांना फार आकर्षण वाटतं, त्यांनी आपल्या शहरातली एक तरी ड्रेनेजची जाळी आठवावी.

‘आपल्याकडे दहशतवादी थोडेच ट्रक घालताहेत’ असं कुणी म्हणेल. त्यावर पुण्याची आठवण पुरेशी आहे. 25 जानेवारी 2012 च्या सकाळी स्वारगेट आगारातून पळवलेली एसटी बस शहरभर फिरली आणि 9 माणसं चिरडली गेली. पण मी तो धागा ताणणार नाही. असली बस थांबवतील असे खांब प्रत्येक रस्त्यावर लावणं शक्यही नाही आणि शहाणपणाचंही नाही. आपली रोजची गरज साधी आहे. 31 मे 2025 रोजी पुण्यातच सदाशिव पेठेत, भावे हायस्कूलजवळच्या चहाच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या मुलांवर एक मोटार आली. डझनभर जण जखमी झाले. त्यांत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं होती. अशी दुकानं, अशा गर्दीच्या कडा प्रत्येक शहरात आहेत: क्लासच्या दारातली चहाची टपरी, बसथांबा, शाळेचं फाटक, रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग, देवळापुढची रांग. जिथे माणसं रस्त्याला पाठ करून उभी राहतात, ती जागा. देशात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांत 32,825 पादचारी होते. हे सगळे काही फुटपाथवर मेले नाहीत, बरेचसे रस्ता ओलांडताना गेले असतील. तरीही ज्या देशात वर्षाला एका तालुक्याच्या गावाएवढे पायी चालणारे मरतात, तिथे पायी चालणाऱ्यांच्या नावाखाली केलेला खर्च दिखाऊ नसावा, एवढं म्हणायला हरकत नाही.

खांबांना विरोध करणाऱ्यांचं मी ऐकलं आहे आणि त्यांचा निम्मा मुद्दा मला मान्य आहे. सगळ्यात वजनदार तक्रार व्हीलचेअरवाल्यांची. 2023 मध्ये मुंबईतल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या एका नागरिकाने उच्च न्यायालयाला कळवलं की फुटपाथच्या तोंडाशी लावलेल्या बोलार्डमुळे आपल्याला फुटपाथवर जाताच येत नाही. न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन महापालिकेला जाब विचारला. झालं असं होतं की दुचाकी शिरू नयेत म्हणून खांब इतके जवळ लावले की चाकाची खुर्चीही शिरेना. इथे एक अडचण आहे आणि तिच्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. व्हीलचेअर जाईल तिथून मोटारसायकल जाणारच. खांबांतल्या अंतराने दुचाकी रोखता येत नाहीत, त्या दंडाने रोखाव्या लागतात. खांबांनी रोखायची ती चारचाकी, आणि त्यासाठी दोन खांबांमध्ये 1,200 मिलिमीटर मोकळी जागा ठेवली तरी पुरते, कारण छोट्यातली छोटी मोटारसुद्धा जवळपास दीड मीटर रुंद असते. म्हणजे व्हीलचेअर आणि सुरक्षितता यांत भांडण नाहीच. भांडण लावलं ते खांबाला भलतं काम सांगणाऱ्यांनी. दृष्टिहीनांचंही तसंच. खांब पिवळ्या ठिपक्यांच्या लाद्यांच्या वाटेत नको, गुडघ्याच्या खाली बुटका नको, फुटपाथच्या रंगाचा नको. स्टेनलेस स्टील दिवसा झळाळतं आणि संध्याकाळी नेमकं अदृश्य होतं. साधा पिवळा-काळा रंग आणि परावर्तक पट्टी बरी, पण ती ‘सुशोभीकरणा’त बसत नाही ना!

दुसरा आक्षेप अग्निशमन दलाचा. गाडी आत न्यायची तर खांब काढता यायला हवा. रास्त आहे. पण काढता येणाऱ्या खांबाचं कुलूप गंजतं, किल्ली असलेला माणूस बदलून जातो, आणि एकदा काढलेला खांब परत बसत नाही. उरतं ते जमिनीतलं भोक, पाय मुरगाळायला. म्हणून असे खांब मोजकेच हवेत, आणि किल्ली कुठे आहे ते खांबाजवळच लिहिलेलं हवं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात पटतो: वेग कमी करा, खांब लागणारच नाहीत. वर दाखवलंच की 50 वरून 30 वर आलं की ऊर्जा तिसऱ्या हिश्शावर येते. रस्ता अरुंद करणं, वळण आवळणं, उंच झेब्रा क्रॉसिंग देणं ही कामं आधी आणि खांब शेवटी, हा क्रम बरोबर आहे. वेगवान महामार्गाच्या कडेला तर असे ताठ खांब नकोतच. तिथे गाडीला घासून परत वळवणारा क्रॅश बॅरियर लागतो. खांबाला धडकून दुचाकीस्वाराचाच जीव जाईल, हेही खरं. म्हणून मी जास्त खांब मागत नाही, कमी मागतो. चाळीस दिखाऊ खांबांच्या पैशात शाळेच्या दारात सहा खरे.

आणि खरे आहेत हे कसं कळणार? इथे माझी एक सूचना आहे, तीही त्या फॅब्रिकेटरशी बोलताना सुचलेली. बिल नगावर न देता दोन टप्प्यांत द्यायचं. पहिला टप्पा उघड्या खड्ड्याचा: खोली दाखवणारा टेप आत सोडलेला, सळई दिसतेय, तारीख आणि ठिकाण असलेला फोटो, आणि अभियंत्याची सही काँक्रीट पडायच्या आधीची. झाकलं जाणारं काम झाकण्याआधी तपासायचं, हा बांधकामाचा जुना नियम आहे. स्लॅबच्या सळया आपण तपासतोच की. दुसरा टप्पा 28 दिवसांनंतर. शेजारच्या दोन खांबांमध्ये हायड्रॉलिक जॅक आडवा लावायचा आणि ठरलेला दाब द्यायचा. दोघे एकमेकांची परीक्षा घेतात. भिंत लागत नाही, क्रेन लागत नाही. सगळ्यांना लावायची गरज नाही, वीसातली एक जोडी, चिठ्ठी टाकून निवडलेली, लोकांसमोर. सावकाश दिलेला दाब म्हणजे मोटारीची धडक नव्हे, हे मला कळतं. त्यात पास झालेला खांब अपघातात टिकेलच असं नाही. पण बोल्टावर उभा केलेला खांब त्यात हमखास उताणा पडेल, आणि ते चारचौघांत पडेल. उरलेले नीट रोवले जायला तेवढं पुरतं.

दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर कंत्राटदाराने ते स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, हा शब्द निविदेत असतोच. तो फक्त रस्त्यावर पडणाऱ्या खड्ड्यांसाठी वापरायचा असं कुठे लिहिलेलं नाही. पुण्याचा जंगली महाराज रस्ता सत्तरच्या दशकात झाला तेव्हा कंत्राटदाराकडून 10 वर्षांची हमी लिहून घेतली होती, आणि ती हमी संपल्यानंतरही कित्येक वर्षं त्या रस्त्याची उदाहरणं देत लोक फिरत होते. एका खांबावर एक क्रमांक, बसवल्याची तारीख आणि पायाची खोली कोरायला किती खर्च येतो? खोली कोरायची म्हटली की ती खोदावी लागते.

सकाळच्या फेरीत मी आता हात लावून पाहत जातो. आमच्या चौकात अकरा खांब आहेत, चार हलतात. लोक बघतात, एका आजोबांनी विचारलं, “काय हो, काही हरवलंय का?” त्यांना सांगितलं, तर त्यांनीही दोन हलवून पाहिले. मग आम्ही पाचसहा जणांनी मिळून अर्ज दिला. त्यात मागणी एकच: शाळेच्या फाटकासमोरचे तीन काढा आणि खोल रोवा.

अभियंता तरुण आहे, टाळाटाळ करणारा वाटला नाही. मागच्या आठवड्यात त्याने चाचणी खड्डा घ्यायला माणसं पाठवली. पहिल्या जागी दोन फुटांवर लाल प्लास्टिकची पट्टी लागली आणि तिच्याखाली विजेची केबल. दुसऱ्या जागी पाण्याची जुनी बिडाची लाइन. तिसऱ्या जागी मुरूम, छान, कोरडा. म्हणजे तीनांपैकी एकच खांब मनासारखा रोवता येईल. उरलेल्या दोघांसाठी उथळ पण रुंद पाया, सळयांच्या जाळीचा, एकमेकांना बांधलेला, असा नवा नकाशा काढावा लागणार आहे. अंदाजपत्रक परत वर गेलं आहे. खड्ड्यांभोवती बॅरिकेड आहेत, शाळेच्या रखवालदाराने त्यांना दोरी बांधली आहे, आणि काढलेले तीन खांब त्याच्या केबिनमागे उभे करून ठेवले आहेत. त्यांतल्या एकावर तो छत्री अडकवतो.